चाळणीवरचे आणि चाळणीखालचे

नागपुरात बसून समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणं हा शुद्ध वेडेपणा आहे असं माझ्या आत्याचं मत होतं, आणि ते ती रोज, साधारणपणे सकाळी पाणी भरायच्या वेळेला, बोलून दाखवत असे. नळाला करंगळीएवढी धार, खाली पितळी गुंड, आणि धारेकडे बघत उभी आत्या. "समुद्र कुठी, आपन कुठी! अन् थे बी मेलेले. बरं, मेले तं मेले, चार कोटी वर्षं झाले मेल्याले. एवढ्या दिवसांत कोनाले आठवण नाही आली, तुलेच काहून आली वं कुंदे?" याला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं. आज निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजूनही समाधानकारक असं सापडलेलं नाही. समारंभांत विचारलं की मी 'जिज्ञासा' असं सांगते. खरं कारण असं की भूशास्त्र विभागात तेवढ्या एकाच विषयाला जागा शिल्लक होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. रामदासपेठेतल्या एका खाजगी दवाखान्यात ती मुख्य परिचारिका होती आणि दवाखान्याच्या मागच्या अंगाला तिला दोन खोल्या मिळाल्या होत्या. तिनं लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर "सुट्टी नाही भेटली" म्हणायची. तिच्या घरात सगळ्या गोष्टींना स्पिरिटचा वास यायचा, कणकेलासुद्धा थोडासा. दिवसभर भिंतीपलीकडून ढकलगाडीच्या चाकांची कुरकुर, वॉर्डातली घंटा, नव्यानं जन्मलेल्या कोणाचं तरी रडणं, आणि उन्हाळ्यात या सगळ्यावर पांघरूण घालणारी कूलरची घरघर. दवाखान्यात आत्याला सगळे घाबरत. घरी ती घाबरायची फक्त पाटवड्या फसण्याला. सुट्टीच्या दिवशी ती पाटवडीचा रस्सा करायची, त्यावर लाल तर्री तरंगत असायची, आणि वरून एवढा सांबार चिरून टाकायची की रस्सा शोधावा लागे. (नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. यावरून माझ्या पुण्याच्या एका मैत्रिणीचा आणि आत्याचा जो गोंधळ झाला त्यात दोन इडल्या वाया गेल्या.)

दर शनिवारी काटोलच्या पलीकडच्या आमच्या गावाहून बाबा एसटीनं यायचे. हंगाम असला की खांद्यावर संत्र्यांचं पोतं असायचं, नसला की नुसतं रिकामं पोतं घडी घालून काखेत, कारण नागपुरात काही ना काही न्यायला मिळतंच. ते खुर्चीवरही मांडी घालून बसत, चहा बशीत ओतून पीत, आणि माझ्या शिक्षणाबद्दल एकच प्रश्न विचारत: "चालू हाय ना?" मी "हो" म्हटलं की विषय संपला. मला तो प्रश्न फार आवडायचा. पुढे आयुष्यात अनेक तज्ज्ञ समित्यांनी माझ्या कामाचा आढावा घेतला. त्यांच्या अहवालांत याहून वेगळं काही नसे, पानं मात्र जास्त असत.

आता त्या जीवांबद्दल थोडं सांगायला हवं. न्युम्युलाइट हा एका पेशीचा प्राणी. शरीर म्हणजे नुसता एक थेंब, पण त्या थेंबाला घर बांधायची हौस. तो चुन्याची एक खोली बांधतो, तिच्यात मावेनासा झाला की तिला लागून दुसरी, मग तिसरी, आणि ही खोल्यांची रांग घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते. शेवटी एक गोल, चपटं, मध्ये किंचित फुगीर कवच तयार होतं. नावाचा अर्थच मुळी 'छोटं नाणं'. इजिप्तच्या पिरॅमिडांच्या दगडांत हे खच्चून भरलेले आहेत. जुन्या लोकांना वाटायचं की मजुरांच्या जेवणातली मसूर सांडून तिचा दगड झाला. आपल्याकडे ते कच्छात सापडतात. पावसानं माती धुऊन निघाली की जमिनीवर चिल्लर उधळल्यासारखे पडलेले असतात. वरून सगळे सारखे दिसतात. त्यांची जात ठरवायची तर आत बघावं लागतं, आणि आत बघायची पद्धत अशी: कवच चिमट्यात धरायचं, ज्योतीवर लाल होईस्तोवर तापवायचं, आणि गार पाण्यात टाकायचं. 'टिच्' असा आवाज होतो आणि नशीब चांगलं असेल तर ते बरोबर मधोमध, पुरणपोळीचे दोन पदर सुटावेत तसं उलगडतं. आत सगळ्या खोल्या दिसतात, अगदी पहिलीसुद्धा. नशीब चांगलं नसेल तर चुना मिळतो.

हे मला शिकवलं मोहरील सरांनी. ते आमचे विभागप्रमुख आणि माझे मार्गदर्शक. त्यांच्या दारावरची पाटी इतकी लांब होती की दार उघडं असताना पदव्या अर्ध्याच वाचता येत. ते स्वतःचा उल्लेख 'आम्ही' असा करत. चालताना त्यांच्या मागे किमान एक माणूस फाईल घेऊन असावा असा त्यांचा आग्रह होता, फाईल रिकामी असली तरी चाले. गळ्यात चांदीच्या साखळीला अडकवलेलं भिंग असायचं. पण ते भिंग डोळ्याला लावलं की त्या माणसाचं काहीतरी व्हायचं. 'आम्ही' गळून पडायचं, फाईलवाला ताटकळत राहायचा, आणि सर एखादा दगड जिभेनं ओला करून (ओला केला की रेघा स्पष्ट दिसतात) पंधरा पंधरा मिनिटं त्यात हरवून जायचे. या दोन मोहरील सरांपैकी खरा कोणता, हा प्रश्न मला ती सगळी वर्षं पडलेला होता.

सरांचं नाव झालं होतं ते एका बारक्या न्युम्युलाइटमुळे. मसुरीएवढा जीव. तरुणपणी त्यांनी तो नवा म्हणून सिद्ध केला आणि आपल्या गुरूंचं, राजहंस सरांचं, नाव त्याला दिलं: न्युम्युलाइटिस राजहंसी. राजहंस सर तोवर वारले होते. त्यांचा फोटो सरांच्या खुर्चीमागे होता आणि त्याला रोज ताजा हार असे. त्याच कच्छच्या मातीतले मोठे, बत्ताशाएवढे न्युम्युलाइट एका वेगळ्या कपाटात डबे भरून पडले होते. ते ज्या विद्यार्थ्याला दिले होते तो बँकेत लागला, आणि बँकेत लागलेला माणूस जीवाश्मांकडे परत येत नाही. ते डबे माझ्या वाट्याला आले. तीन वर्षं मी ते मोजले, रेखाटले, फोडले, आणि शेवटी असं दिसलं की त्यांतला एक प्रकार आजवर वर्णन झालेल्या कोणत्याच मोठ्या जातीत बसत नाही. नवी जात! मी धावत सरांकडे गेले. सरांनी रेखाटनं पाहिली, मान डोलावली आणि विचारलं, "नाव काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "जिथं सापडली त्या गावाचं द्यावं असं वाटतं सर."

"गावांची नावं फार झाली." सर खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे बघू लागले. "शास्त्रात एक सभ्यता आहे, कुंदा. माणूस आपलं नाव आपण देत नाही. फार वाईट दिसतं ते."

"हो सर."

"ते काम विद्यार्थी करतात."

मी रेखाटनं गोळा करू लागले. सर कडुलिंबाला उद्देशून म्हणाले, "आम्ही आग्रह करत नाही. आमची सेवापूर्ती जवळ आली आहे आणि संस्थेचे अध्यक्ष सत्कार घडवून आणणार आहेत, हा निव्वळ योगायोग. मोहरील या आडनावाचं लॅटिन सोपं होतं, एवढंच सांगून ठेवतो."

घरी येऊन मी आत्याला सांगितलं की माझ्या जीवाचं नाव न्युम्युलाइटिस मोहरिली ठरलंय. "मोहरीएवढा हाय काय थो?" नाही, मी म्हटलं, रुपयापेक्षा मोठा आहे. "मंग मोहरी काहून?" सरांचं आडनाव. आत्यानं भाकरी उलटली. "सरायले पोरंबाळं नाहीत काय?" आहेत, दोन. "मंग किड्यायले काहून त्रास देऊन राहिले?"

प्रबंध जवळजवळ झाला होता. फक्त थरांनुसार एक तक्ता करायचा राहिला होता, म्हणजे कोणत्या थरात मोहरिली सापडतो आणि कोणत्यात नाही. त्यासाठी कच्छच्या अभ्याससहलीत मी स्वतः नऊ थरांतली माती नऊ पिशव्यांत भरून आणली होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात विभागात साठा-पडताळणी सुरू झाली. सगळ्या चाळण्या मोजून, वहीत नोंदवून, कुलपात बंद. महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा होता, आणि चाळण्या कधी सुटतील हे कोणी सांगू शकत नव्हतं. मी पिशव्या उचलून घरी आणल्या. आत्याच्या बादलीत पहिल्या थराची माती भिजवली, गाळ वाहू दिला, आणि खाली उरलं ते कणकेच्या परातीत पसरलं. समोर बसून आत्या तांदूळ निवडत होती. तिची परात आणि माझी परात शेजारीशेजारी.

माझ्या आयुष्यातला मोठा क्षण म्हणावा असा तो होता, पण त्या वेळी मला फक्त एवढंच वाटलं की हे काहीतरी विचित्र दिसतंय. परातीत बत्ताशाएवढे मोहरिली होते, आणि त्यांच्या अवतीभवती, खाली, वर, मसुरीएवढे राजहंसी. शेकडो. मी हे दोन जीव आयुष्यात कधी एकत्र पाहिले नव्हते. सरांनीही नव्हते. कोणीच नव्हते! कारण आमच्या विभागाची रीत राजहंस सरांपासून चालत आलेली होती: कच्छची माती आली की आधी मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढायची. वर राहिले ते एका कपाटात, खाली पडले ते दुसऱ्या. चाळणीवरचे एका विद्यार्थ्याला, चाळणीखालचे दुसऱ्याला. तीस वर्षं आमच्याकडे पहिलं वर्गीकरण शास्त्रज्ञ नव्हे, चाळणी करत होती, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण चाळणीला पदवी नव्हती.

मी उरलेले आठ थर धुतले. सात थरांत दोघेही होते. आठव्यात दोघेही नव्हते. एक आहे आणि दुसरा नाही, असा एकही थर निघाला नाही.

इथं मला थांबून एक कबुली द्यायला हवी. पुढे कुठल्याशा स्मरणिकेत छापून आलं की बाबांनी आणलेली आंबिया बहाराची आणि मृग बहाराची संत्री पाहून, एकाच झाडाला दोन तऱ्हेची फळं येतात हे जाणून, शेतकऱ्याच्या मुलीला हे सुचलं. फार छान गोष्ट आहे. माझ्या भाचीनं ती शाळेत भाषणात सांगून बक्षीसही मिळवलं. पण तसं काही झालं नाही. त्या आठवड्यात बाबांनी वांगी आणली होती. मला जे सुचलं ते पहिल्या वर्षाच्या पुस्तकात छापलेलं होतं: न्युम्युलाइटच्या एकाच जातीत दोन पिढ्या आलटून पालटून येतात. एक पिढी दोन जिवांच्या मिलनातून होते. तिची पहिली खोली सुईच्या टोकाएवढी, पण ती वाढत वाढत प्रचंड होते. दुसरी एकाच जिवाची शकलं होऊन होते. तिची पहिली खोली ऐसपैस, पण ती लवकरच वाढायची थांबते. आजोबा बत्ताशा, मुलगा मसूर, नातू पुन्हा बत्ताशा. युरोपात अशा कितीतरी जोड्यांना आधी दोन वेगळी नावं दिली गेली आणि मग एक खोडावं लागलं. यावर परीक्षेत टीप लिहा असा प्रश्न असे. आणि ही टीप आम्हाला दर वर्षी, फळ्यावर सुंदर आकृत्या काढून, मोहरील सरच शिकवत.

मी आत्याचा गॅस पेटवला. चिमट्यात एक राजहंसी धरला, लाल केला, वाटीतल्या पाण्यात टाकला. टिच्. "माय वं!" आत्या उडाली. मग मोठा. टिच्. पुन्हा लहान. स्वयंपाकघरात फोडणी तडतडल्यासारखे आवाज होऊ लागले, आणि आत्या तांदूळ बाजूला ठेवून दारात जाऊन उभी राहिली, जे ती ऑपरेशन थिएटरच्या बाबतीतही करत नसे. भिंगाखाली पाहिलं तर खोल्यांच्या भिंतींचा बाक तोच, फेऱ्यांमधलं अंतर तेच, कडेची जाडी तीच. फरक एकच. लहानाच्या मधोमध टपोरा ठिपका, मोठ्याच्या मधोमध काहीच दिसत नाही. मोहरिली हा राजहंसीच होता.

आणि नियम सरळ होता. एका जातीची दोन नावं निघाली तर जुनं राहतं, नवं जातं. सरांनी गुरूंना दिलेलं नाव राहणार. सरांना मिळणार होतं ते जाणार.

दुसऱ्या दिवशी मी सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या मेजावर सत्काराच्या कापडी फलकाचा नमुना पसरलेला होता. पेंटरनं मोहरिलीचं चित्र काढलं होतं. त्यानं ते फोटोवरून काढलं असं म्हणत, पण हलवायाच्या दुकानासमोर बसून काढल्यासारखं दिसत होतं. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"हे कुठे फोडलेस?"

"घरी सर. गॅसवर."

"गॅसवर!" सर उभे राहिले. "आम्ही ज्या जातीवर डॉक्टरेट मिळवली, तिच्याबद्दल तू स्वयंपाकघरात निर्णय दिलास?"

"सर, नऊपैकी आठ थरांत दोघेही..."

"राजहंस सरांनी स्वतः ही दोन कपाटं वेगळी केली होती."

"चाळणीनं केली होती सर."

हे मी बोलायला नको होतं. सरांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "प्रबंधावर मार्गदर्शकाची सही लागते, एवढं तुला ठाऊक असेलच. आहे तसा आणलास तर आज सही करतो. बदलून आणणार असशील, तर आमच्याकडे आणू नकोस." सही नाही म्हणजे प्रबंध नाही, आणि तीन वर्षं त्या डब्यांत परत.

त्या शनिवारी बाबा आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "चालू हाय ना?" पहिल्यांदाच मी "नाही" म्हटलं. बाबांनी बशी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं.

"लिहून टाक न मोहरिली," आत्या म्हणाली. "मेलेल्या किड्याले काय समजते, कोनाचं नाव हाय आपल्याले!"

"अन् थो राजहंस?" बाबांनी विचारलं.

"थो बी मेला."

"मंग दोघायचं सारखंच झालं." बाबांनी बशी पुन्हा उचलली. "सर सही देत नसन तं वापस ये. बगीचा हाय, मोटार हाय, विहिरीले पानी हाय. पन बाई, तुले पाहा लागन. तुया हातानं लिहिलेलं राहीन थे."

संध्याकाळच्या पाळीला जायला टोपी चढवताना, पिना दातांत धरून, आत्या अचानक म्हणाली, "लेकराच्या हाताले चुकीच्या नावाची पट्टी बांधली गेली ना, तं म्या मोठ्या डॉक्टरची वाट नाही पाहत. तवाच्या तवा कापतो. डॉक्टरीनबाई काय बोंबलन थे मंग पाहू." आणि गेली. रविवारभर मी बसून प्रबंध बदलला. मोहरिली जिथं जिथं होता तिथं राजहंसी लिहिलं. नव्या जातीचं प्रकरणच उरलं नाही. त्याऐवजी दोन पिढ्यांचं झालं, आणि ते जरा बरं होतं.

सोमवारी सुट्टी होती. सकाळी दारात स्कूटर थांबली. मोहरील सर! मागे फाईलवाला नाही. हातात एक गंजका पत्र्याचा डबा. मी उठून उभी राहिले. माझ्या हातात लाटणं होतं. सर म्हणाले, "विभागात मांडव घालतायत. तिथं जमणार नाही." आणि मग डबा पुढे करत, "तो गॅस कुठे आहे?"

डब्यात त्यांचे स्वतःचे राजहंसी होते, तरुणपणी निवडलेले. सर ओट्याशी उभे राहिले, बाह्या सारल्या, चिमटा घेतला. त्यांचा हात एवढाही हलला नाही. टिच्. त्यांनी तो अर्धा भाग उचलून जिभेवर लावला, भिंगाखाली धरला. आत्या चहा टाकायला आली होती, तिनं ते पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाली, "जिभेनं? अन् हे तुले शिकवते?" सरांनी माझे मोठे मागितले. एक फोडला, दुसरा फोडला. लहान आणि मोठा शेजारीशेजारी ठेवला. मग खुर्ची ओढून खिडकीपाशी बसले आणि किती तरी वेळ, आत्याचा चहा दोनदा गरम करावा लागला इतका वेळ, दोन्ही आळीपाळीनं भिंगाखाली धरत राहिले. भिंतीपलीकडे कोणाचं तरी बाळ रडलं, गप्प झालं, परत रडलं.

"सर, पोहे खाता काय?" आत्यानं विचारलं.

"अं? हो." तर्री घातलेले पोहे त्यांनी भिंगावरून डोळा न काढता खाल्ले. नाकाला पाणी आलं तरी खाल्ले. शेवटी बशी ठेवून म्हणाले, "दर वर्षी शिकवतो मी हे, कुंदा. दर वर्षी. फ्रान्सची उदाहरणं देतो." 'आम्ही' म्हणाले नव्हते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. "माझ्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती आणि शेजारच्याची दुसऱ्याकडे. मागायला हवी होती, नाही का?"

मी प्रबंध पुढे केला. सरांनी तो काखेत घातला आणि सहीचं काही न बोलता निघून गेले. "देईन काय सही?" आत्या म्हणाली. "पोहे तं चांगले खाल्ले."

तीन दिवसांनी सत्कार. मांडवात पहिल्या रांगेत शहरातले मान्यवर, त्यांच्या मागे ज्यांना मान्यवर व्हायचं होतं ते, आणि त्यांच्या मागे आम्ही. आत्या पांढऱ्या साडीत आली होती, बाबांनी टोपी घातली होती. मंचावर तो फलक होताच: जिलेबी, आणि खाली ठळक अक्षरांत न्युम्युलाइटिस मोहरिली. कापड रंगवून झालं होतं, अध्यक्षांनी त्याचं उद्घाटनही केलं होतं. आता काढणार कोण? (शास्त्राच्या नियमांत असं जे नाव नुसतंच कुठेतरी लिहिलं जातं, मागे ना वर्णन ना पुरावा, त्याला 'नग्न नाव' म्हणतात. मंचावर इतक्या झब्ब्यांच्या आणि शालींच्या मध्ये तेवढं एकच नागडं होतं.) अध्यक्ष चाळीस मिनिटं बोलले. त्यांनी न्युम्युलाइट हा शब्द पाच प्रकारे उच्चारला आणि सांगितलं की सर या जिवाच्या रूपानं अमर झाले, आणि असे जीव विदर्भाच्या मातीतच जन्मतात. नऊ थरांची समुद्राची माती मी कच्छहून वाहून आणली होती. पण मंचावरून दुरुस्त करायच्या गोष्टींची यादी तोवर बरीच लांबली होती.

मग सर उठले. गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवले, भिंग सोडून. माइकसमोर आले.

"मागे जे नाव लिहिलं आहे ते खोडावं लागेल," ते म्हणाले. "हा जीव माझ्या नावाचा नाही. तो माझ्या गुरूंच्या नावाचा आहे. मला तो तीस वर्षं ओळखता आला नाही. माझ्या विद्यार्थिनीला आला."

आणि काय टाळ्या पडल्या! अध्यक्षांनी डोळे पुसले. पहिली रांग उभी राहिली. एका निवृत्त प्राचार्यांनी मंचावर जाऊन सरांच्या पायांना हात लावला. माझ्या शेजारचे गृहस्थ हुंदका आवरून म्हणाले, "बघा, केवढी ही गुरुभक्ती! स्वतःचं नाव गुरूच्या चरणी वाहिलं!" त्या भरल्या मांडवात फक्त सरांना आणि आम्हा तिघांना ठाऊक होतं की हा विनय नाही, दुरुस्ती आहे. सर हात वर करून "नाही, नाही, तसं नाही" म्हणत राहिले, आणि जितकं म्हणाले तितक्या टाळ्या वाढल्या. शेवटी त्यांनी प्रयत्न सोडला. मंचावर बसल्या बसल्या त्यांनी गर्दीत मला शोधलं आणि बोटानं बोलावलं.

मी मांडवाच्या कडेनं मंचामागे गेले. सरांनी खुर्चीखालून माझा प्रबंध काढला. कागदांच्या कडा पोह्यांच्या तेलानं किंचित पारदर्शक झाल्या होत्या. समोर कोणी स्वागतगीत म्हणत होतं, त्यामुळे त्यांना वाकून बोलावं लागलं.

"पान बावन्न," ते म्हणाले. "राजहंसीच्या शेवटी मी दोन आय लावले होते. तू सगळीकडे एकच लावलास. मूळ स्पेलिंग बदलायचा अधिकार कोणालाही नाही, तुलाही नाही."

"हो सर."

"उद्या दुरुस्त करून आण," सर म्हणाले. "पेन भरून ठेवलंय."